बाबांनी बसवलेली नळी

नळी माझ्या हातात आली तेव्हा मी ती ओढतसुद्धा नव्हते. हलते का, एवढंच बघायला मी तिला धरलं आणि ती दुरुस्तीच्या यार्डात टेकूंवर चढवलेल्या आमच्या बोटीच्या बुडातून सुटून सरळ माझ्या मांडीवर आली. तिच्यामागून काळा, ओल्या भुशासारखा चोथा भसकन बाहेर पडला. माझ्यामागे उभा असलेला माझा बोटीतला भागीदार चिनी भाषेत काहीतरी पुटपुटला. ते मला कळलं नाही, पण स्तोत्र नक्कीच नव्हतं.

ज्यांनी बोट कधी पोटातून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंखा बाहेर, पाण्यात. दोघांना जोडणारा दांडा म्हणजे शाफ्ट. तो बोटीच्या बुडातून जातो, म्हणजे बुडाला भोक पाडलेलंच असतं. त्या भोकात ब्राँझची एक जाड नळी कायमची चिकटवून बसवतात आणि शाफ्ट तिच्या आत फिरतो. समुद्र बाहेर राहतो तो ह्या नळीच्या भरवशावर. आमच्या बोटीतली नळी कशाच्याच भरवशावर नव्हती. वर्षानुवर्षांच्या रंगाने आणि चिखलाने तिला धरून ठेवलं होतं, आणि त्याच बोटीतून आम्ही दर महिन्याला कुठल्यातरी बेटावर डबे घेऊन जात होतो. माझी मुलगी मागच्या फळीवर पाय सोडून बसायची, बरोबर ह्या नळीच्या वर.

बोट खरं तर भागीदाराच्या वडिलांची. फायबरग्लासची, जुनी, पोटाशी पिवळी पडलेली. आम्ही दोघं इथे परदेशात, तुआस या कारखान्यांच्या भागात, एकाच ऑफिसात. मी डिझाइनला, तो खरेदीला. वडील गेल्यावर त्याला ती एकट्याने सांभाळवेना आणि विकवेनाही, म्हणून त्याने मला अर्धी भागीदारी घ्यायला लावली. माझ्या नवऱ्याला बोट लागते. तो ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर सायकल चालवतो आणि आमच्या बोटीचा विषय निघाला की हसतो. त्या दिवशी घरी येऊन मी नळीचा प्रकार सांगितला तेव्हा मात्र तो हसला नाही. सोफ्यावर बसलेले बाबाही ऐकत होते. त्यांनी टीव्ही बंद केला.

बाबा तेव्हा पुण्याहून आमच्याकडे, बुकित बातोकच्या घरी आले होते. दादाने पाठवलं होतं, असं म्हणणं जास्त खरं. बाबांचा जन्म पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला. आई गेल्यावर ते चिंचवडच्या घरात एकटे राहत. उजव्या हाताला कंप सुटला होता, पण दादाची तक्रार हाताची नव्हती. बाबा विसरतात, असं तो म्हणायचा. एकदा गॅस उघडा राहिला, एकदा दार सताड उघडं टाकून बँकेत गेले. घर बंद करून त्यांनी बाणेरला आपल्याकडे यावं असा त्याचा हट्ट, आणि मी माझं घर सोडणार नाही हा बाबांचा. भांडून भांडून दोघं थकले आणि निवाडा माझ्यावर आला. फोनवर दादा म्हणाला होता, "तू दोन महिने जवळून बघ आणि सांग. तू म्हणशील ते दोघांनाही मान्य."

हे बाबांनाही माहीत होतं. त्यामुळे पहिले काही दिवस ते आमच्या घरात परीक्षेला बसल्यासारखे वागायचे. चहा केला की गॅस बंद केल्याचं मोठ्याने सांगायचे. लिफ्टपाशी घराचा मजला कितवा ते मला म्हणून दाखवायचे. मला इतका राग यायचा, दादाचा आणि स्वतःचाही. ज्या माणसाने केसाच्या जाडीएवढ्या फरकावरून कारखान्यातल्या पोरांना फैलावर घेतलं, त्याने माझ्यासमोर मजला म्हणून दाखवायचा?

म्हणून त्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही बंद करून, नळीचा व्यास किती, असं विचारलं, तेव्हा मी लगेच वही पुढे सरकवली. आम्ही जेवण गार होईपर्यंत चित्रं काढली.

दुसऱ्या शनिवारी बाबा यार्डात आले. बोट टेकूंवर उभी होती. त्यांनी तिला एक फेरी मारली, बुडावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि जिथे आवाज बद्द आला तिथे खडूने गोल काढले. त्यांनी आयुष्यात कधी बोटीला हात लावला नव्हता. भागीदार आधी संकोचला. म्हातारा माणूस, हात थरथरतोय, हातात ग्राइंडर कसा द्यायचा? पण बाबांची एक पद्धत होती. मनगट कशाला तरी टेकवलं की कंप थांबायचा. ते आधी टेकायला जागा शोधत, मगच हत्यार उचलत. त्यांनी कुजलेला भाग चांगल्या थरापर्यंत खरवडून काढला. फायबरग्लासच्या भुकटीने आम्हा तिघांचं अंग खाजून लाल झालं. भागीदार मला हळूच म्हणाला, "युअर फादर हॅण्ड शेक, बट वर्क डोन्ट शेक, लाह."

नवी नळी आली तेव्हा ती बरोबर मध्यावर बसवण्याची युक्तीही बाबांचीच. इंजिनाच्या मध्यापासून पंख्याच्या जागेपर्यंत मासेमारीची दोरी ताणून बांधली आणि नळीच्या दोन्ही टोकांना लाकडी बुचं बसवून त्यांच्या मध्यातून ती दोरी ओवली. दोरी सरळ, तर नळी सरळ. नळी चिकटवायच्या रेझिनच्या डब्यावरच्या सूचना मी त्यांना मराठीत वाचून दाखवल्या. पृष्ठभाग खरवडा, अॅसिटोनने पुसा, तेलाचा अंशही राहता कामा नये. मग मी बोटीच्या आत जाऊन दोरी धरली आणि बाबांनी बाहेरून नळी सरकवली. लाकडी पाचरी ठोकल्या, घट्ट कालवलेलं रेझिन चारी बाजूंनी भरलं, वर काचेच्या कापडाचे थर दिले. दोरी नळीच्या मधोमध होती. मी टॉर्च मारून बघितलं, भागीदाराने बघितलं, बाबांनी बघितलंच नाही. त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि फाटकाबाहेर कुठे चहा मिळेल का, असं विचारलं.

मी तिथूनच नळीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि रात्रीची वाट न बघता दादाला फोन लावला. बोलताना माझी जीभ जरा सैल सुटली, हे कबूल आहे. तुला गॅस दिसतो, मला हे दिसतं, असं मी म्हणाले. बाबा ठणठणीत आहेत, त्यांना त्यांच्या घरात राहू दे. दादा म्हणाला, ठीक आहे, तू बघितलंयस. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. पण त्या आठवड्यात त्यांनी मजला म्हणून दाखवणं बंद केलं आणि नवऱ्याशी चिंचवडच्या घराच्या गळक्या टाकीबद्दल, गच्चीवर घालायच्या पत्र्यांबद्दल बोलायला लागले.

बोट पाण्यात सोडली त्या सकाळी मुलगीही आली. शाळेला सुट्टी होती आणि आजोबांनी बनवलेली बोट तिला बघायची होती. आजोबांनी फक्त नळी बसवली आहे, हे तिला पटवून द्यायच्या भानगडीत मी पडले नाही. क्रेनच्या पट्ट्यांतून बोट हळूच पाण्यात उतरली. भागीदाराने आत वाकून पाहिलं. कोरडं. आम्ही अर्धा तास जागेवर थांबलो. तरी कोरडं. लाइफ जॅकेट चढवून निघालो. मुलगी आजोबांना पुन्हा पुन्हा विचारत होती, "आजोबा, फास्ट गो, कॅन ऑर नॉट?" आणि बाबा हसून म्हणत होते, "कॅन, कॅन."

भागीदाराने वेग वाढवला. नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांच्या अलीकडे पोचलो असू, तेव्हा बोटीच्या मागच्या भागातून कुणीतरी दार ठोठावावं तसा आवाज आला. मग बोट जड झाली. मी फळी उचलली. आत पाणी होतं. थोडं नव्हे, इंजिनाच्या पायापर्यंत चढलेलं, आणि नळीच्या खालून ते उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर नळी डुगडुगत होती. ही तीच नळी, जिचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता.

इंजिन बंद करणं भाग होतं. शाफ्ट फिरला की फट वाढत होती. पंप होता तो पाण्याला पुरेना. मी मुलीच्या हातात बादली दिली. ती रडत रडत पाणी उपसत होती आणि तिचं रडणं मला ऐकू येत असूनही थांबायला वेळ नव्हता. भागीदार उभा राहून जवळून चाललेल्या बंदराच्या कामाच्या एका बोटीला हात करत होता. आणि बाबा, मी बघितलं तेव्हा, कमरेपर्यंत त्या तेलकट पाण्यात बसले होते. स्वतःचा शर्ट काढून, पिळून, नळीभोवतीच्या फटीत दोन्ही अंगठ्यांनी कोंबून धरला होता. त्यांनी वर बघितलंच नाही. ती बोट आली, दोर टाकला, आम्हाला ओढत यार्डात आणलं, तोवर बाबांनी अंगठे काढले नाहीत. नंतर त्यांना उभं राहता येईना. आम्ही दोघांनी मिळून त्यांना उचललं.

घरी आल्यावर बाबा झोपून राहिले. पाठ धरली होती. काही खाल्लं नाही, काही विचारलं नाही. मुलगी त्यांच्या पायाशी बसून राहिली, फोनही न बघता. मी दादाला कळवलं नाही.

दोन दिवसांनी मी रजा टाकून यार्डात गेले. बोट पुन्हा टेकूंवर होती. वरचा थर कापला आणि नळी आधीच्या नळीसारखीच निमूट बाहेर आली. नळीची वरची बाजू रेझिनने घट्ट धरलेली, तुटलेल्या कपच्या अजून चिकटलेल्या. खालची बाजू स्वच्छ. मी ती उलटी केली.

खालच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक होतं.

त्याच्या पुढे पाच बोटांचे पाच पट्टे. तेलात कालवलेलं कुंकू, गोल नळीवरून ओघळू नये म्हणून. उन्हाने तेल पसरून खालची निम्मी बाजू तुकतुकीत झाली होती. बोटीच्या भोकात वाकून पाहिलं, तर तिथे सुकलेल्या रेझिनवरही तेच स्वस्तिक उलटं उमटलेलं. रेझिन त्या तेलाला चिकटलंच नव्हतं. वरच्या अर्ध्या बाजूवर सगळी नळी तग धरून होती, आणि तिच्यावर मी माझ्या मुलीला बसवून समुद्रात नेलं होतं. भागीदार शेजारी येऊन बघत राहिला.

मग मला हसू आलं. खरंच आलं. आमच्याकडे फ्रिज आला तरी त्याला कुंकू लागतं. मी पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा आईने त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं, आणि ते बोट अजून तिथे आहे. कारखान्यात खंडेनवमीला बाबा स्वतः प्रत्येक लेथला कुंकू लावायचे. इथे भागीदारासमोर, परक्या यार्डात, त्यांना लाज वाटली असणार. मी बोटीच्या आत दोरी धरायला गेले तेवढ्यात त्यांनी कुणाला दिसणार नाही अशा खालच्या अंगाला गुपचूप उरकून घेतलं. भागीदाराला हे समजावून सांगायची मी तयारी करत होते, तर तोच म्हणाला, "माय मदर ऑल्सो. न्यू थिंग मस्ट प्रे फर्स्ट." त्याच्या वडिलांनी बोट घेतली तेव्हा आईने बोटीच्या पुढच्या टोकाला लाल कापड बांधलं होतं म्हणे.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून घरी येईपर्यंत माझं सगळं उत्तर तयार झालं होतं. बाबांचा जन्म तेलात गेला. त्यांच्या धंद्यात नळी भोकात बसवायची तर तेलाचं बोट फिरवूनच बसवतात. तिथे शत्रू असतो तो हाताचा घाम. त्याने लोखंड गंजतं, तेल तर राखतं. लोखंडाच्या माणसाला तेल ही घाण वाटेलच कशी? चूक झाली, पण ती रेझिनची सवय नसलेल्या माणसाची चूक होती. ह्यात विसरण्याचा काही संबंध नव्हता. तिशीतल्या बाबांनीही हेच केलं असतं. दादाला सांगायची गरजच नव्हती, आणि सांगावं लागलंच तर असं सांगता येत होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी उतरून बाबांसाठी पपई घेतली.

बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. स्वस्तिक दिसलं, असं म्हणताना मी मुद्दाम हसले. मग तेलाचं, लोखंडाचं, रेझिनचं, सगळं क्रमाने. माझं बोलणं संपेपर्यंत ते थांबले. त्यांना मध्ये बोलायची सवय नव्हतीच.

"तेल चालत नाही हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "तू वाचून दाखवलं होतंस."

मी म्हणाले, वाचून दाखवलं, पण ते कानावरून गेलं असेल.

"नाही गेलं. अॅसिटोनची बाटली मीच उघडून शेजारी ठेवली होती. फडकं घडी करून ठेवलं होतं. कुंकू लावायचं, नमस्कार करायचा, पुसून टाकायचं आणि मग सरकवायची. एवढंच करायचं होतं." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "नमस्कार केला. पुढचं आठवत नाही. तू आतून हाक मारलीस, एवढं आठवतं. नळी कशी सरकवली तेही आठवत नाही."

समुद्रात फळी उचलली तेव्हाही मी इतकी हबकले नव्हते. तिथे निदान हातात बादली होती. दोन मिनिटांपूर्वी मी ज्या युक्तिवादावर खूश होते, तो त्यांनी चार वाक्यांत मोडून माझ्या हातात दिला होता. मी बोलायचं म्हणून बोलत गेले. हाकेमुळे लक्ष उडालं, माझंही उडतं, ऑफिसात रोज उडतं. आता नळी निघाली आहे, पुन्हा बसवू, ह्या वेळी मी पुसते. दादाला यातलं काहीच माहीत नाही. त्याला आपण होऊन सांगायला त्याने विचारलंय कुठे? मी आवाज चढवला. नवरा आतून डोकावून परत गेला.

बाबांनी माझ्या हातातली पपईची पिशवी घेतली आणि खाली ठेवली.

"पोरगी बोटीत होती," ते म्हणाले.

खाली मैदानात कुणीतरी बॅडमिंटन खेळत होतं. मी रडायला लागले. आम्ही रडणारी माणसं नाही, त्यामुळे त्यांना माझं काय करावं ते कळेना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. टेकायला जागा मिळाल्याबरोबर तो थरथरायचा थांबला, आणि ते मला आणखीनच सहन होईना.

जरा वेळाने त्यांनी फोन मागितला. छोट्या पडद्यावर त्यांचं बोट नीट बसत नसे, म्हणून मग म्हणाले, "दादाला लावून दे." मी नको म्हणाले. उद्या लावू म्हणाले. तिकडे तो ऑफिसात असेल म्हणाले. ते हात पुढे करून बसून राहिले. शेवटी मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

दादाने उचलला. बाबांनी आधी त्याच्या मुलांची चौकशी केली, पुण्याला ऊन कसं आहे ते विचारलं. मग म्हणाले, "घर बंद करू या. मी तुझ्याकडे येतो." आणि लगेच, कुणीतरी मध्ये बोलेल या भीतीने असावं, "मला कुणी सांगितलं नाही. माझं मी ठरवलं."

पलीकडून आवाज येईना. बाबांनी फोन लागलाय ना, असं मला खुणेने विचारलं. लागला होता. दोन वर्षं ज्यासाठी भांडत होता ते मिळालं होतं, आणि माझ्या भावाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.